न भेटलेल्या माणसाचं सुतक

कृष्णाकाठची

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. ज्या माणसाला आपण जन्मात भेटलो नाही, ज्याला आपलं नावही ठाऊक नव्हतं, तो गेला की आपल्याला इतकं का लागतं? आणि लागतं तर मग आपण असे चमत्कारिक का वागतो?

"त्यांच्यासोबत आपलं बालपण गेलं" हे उत्तर मला माहीत आहे. कुणीही गेलं की पहिल्या पाच प्रतिसादांत ते येतंच. खोटं नाही, पण पुरत नाही.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले, पन्नाशीतच. आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी बातमी ऐकली, गॅस बंद केला आणि पायरीवर येऊन बसल्या. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "लक्ष्या गेला गं." आणि पदर डोळ्यांना. याच काकूंचे थोरले दीर वारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भावकीत त्यावरून बोलणंही झालं. पण मी त्या दिवसांत त्या घरात ये-जा करत होते. घरभर पाहुणे उतरलेले, चुलीवरून चहाचं आधण खाली येत नव्हतं. गुरुजींची यादी, दहाव्याचं सामान, कुणाला कळवलं नि कुणाला राहिलं, कुणाची गाडी कधी येणार. काकूंना रडायला सवड कुठे होती?

आपल्याकडे घरातला मृत्यू म्हणजे कामांचा डोंगर. शेजारणी पिठलं-भात आणून देतात, तेही त्यांच्यापुरतं कामच. सुतकाचे नियम पटोत न पटोत, काय करायचं, काय नाही आणि किती दिवस, हे ठरलेलं असतं. तेराव्यानंतर गोडाचं जेवण झालं की माणसं आपापल्या मार्गाला लागतात.

प्रसिद्ध माणूस गेला की यातलं काहीच नाही. भेटायला जायला घर नाही, खांदा द्यायचा नाही, कुणासाठी चहा टाकायचा नाही. दुःख आहे आणि हात मात्र रिकामे. मग ते हात मोबाइलकडे जातात.

२०२० आठवा. २९ एप्रिलला इरफान, ३० एप्रिलला ऋषी कपूर. टाळेबंदी होती, अंत्ययात्रेला मोजकी माणसं. मग १४ जूनला सुशांतसिंह राजपूत. आख्खा देश घरात कोंडलेला, कामधंदा नाही. त्यानंतर जे झालं ते आपण पाहिलंच. लोक शोक करता करता पोलीस तपासच करायला लागले.

तुमचं काय म्हणणं? अनुभव असतील तर लिहा. नुसत्या "भापूश्र" (भावपूर्ण श्रद्धांजली) नकोत, त्या फेसबुकवर भरपूर आहेत.

वैतागवाडीकर

धागा चांगला आहे पण फार सहानुभूतीने लिहिलाय. दुःखबिख काही नसतं हो. सकाळी "एका युगाचा अंत", दुपारी मिसळीचा फोटो.

सगळ्यात डोक्यात जातात ते "मी आणि ते" छापाचे लेख. लताबाई गेल्या तर लेखाची सुरुवात "तेव्हा मी नुकताच बँकेत लागलो होतो". पुढे बदली, बढती, सासरेबुवांची ओळख, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लताबाई गाडीतून उतरताना दिसल्या. श्रद्धांजली कुणाला वाहिली तेच कळत नाही.

पिवळा डांबिस

वैता, +१. बँकेतला तो मीच नाही, एवढं नमूद करतो.

जुना उपसंपादक

पडद्यामागचं थोडं सांगतो. वर्तमानपत्रात मोठ्या वयाच्या मोठ्या माणसांचे लेख आधीच लिहून तयार असतात. वाचकांना हे निर्दय वाटतं. पण रात्री अकराला बातमी आली आणि बाराला पान सोडायचं असेल, तर दुसरं करणार काय? कृष्णाकाठचीताई, तुमचा मुद्दा आम्हाला तंतोतंत लागू पडतो. ज्यांच्यावर जीव होता अशी माणसं गेली त्या रात्री मी मथळा किती कॉलमी करायचा आणि फोटो कुठला घ्यायचा यावरून भांडत होतो. रडू वगैरे पुढच्या सुट्टीच्या दिवशी.

मात्र अलीकडे घाई फार झाली. विक्रम गोखले रुग्णालयात होते. २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ते गेल्याची बातमी सुटली. मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या आणि घरच्यांना सांगावं लागलं की अहो, ते आहेत अजून. ते गेले २६ तारखेला. झाकिर हुसेन यांच्या वेळी डिसेंबर २०२४ मध्ये तेच. धर्मेंद्र यांच्या वेळी नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा तर हेमा मालिनींनी जाहीरपणे खडसावलं. आयसीयूच्या दाराशी बसलेल्या बायकामुलांनी आपल्या माणसाच्या मरणाची बातमी मोबाइलवर वाचायची, याला काय म्हणायचं?

आणि श्रीदेवी. २४ फेब्रुवारी २०१८ ला दुबईत गेल्या, अंत्यसंस्कार २८ ला मुंबईत. मधले दिवस वाहिन्यांना दाखवायला काही नव्हतं, म्हणून एका वार्ताहराने चक्क बाथटबमध्ये उतरून दाखवलं. रिकाम्या हातांचं म्हणालात ना, कॅमेऱ्याचेही हात रिकामे राहिले की असं होतं.

अवांतर: मृत्युलेख वाचायचा तर अत्र्यांचा. गेलेल्या माणसाशी भांडण झालेलं असलं तरी लपवायचे नाहीत, आणि तरी वाचणाऱ्याच्या घशात आवंढा यायचा.

टेल्कोचं पोरगं

माझा अनुभव जरा उलटा आहे.

बाबा पिंपरीला टेल्कोत होते. नाव बदलून टाटा मोटर्स झालं तरी आमच्या घरात ती टेल्कोच. १९८९ च्या संपात बाबा कामगार नेता राजन नायरच्या बाजूला. शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते, आणि मध्यरात्री पोलिसांनी सगळ्यांना बसमध्ये कोंबून नेलं त्यातही होते. रतन टाटा तेव्हा नवे होते आणि झुकले नाहीत. संप मोडला. आमच्या घरी टाटांबद्दल कितीतरी वर्षं चांगला शब्द निघाला नाही. बाबा कामावर परत गेले, निवृत्तही तिथूनच झाले, पण हा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे.

९ ऑक्टोबर २०२४ ला रात्री उशिरा रतन टाटा गेल्याची बातमी आली. नवरात्र चालू होतं. मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." एवढंच. सकाळी उठून पाहतो तर टीव्हीसमोर बसलेले. एनसीपीएत ठेवलेलं पार्थिव, तो गोवा नावाचा कुत्रा आणला होता ते दृश्य, आणि बाबांचा चेहरा ओला. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "आमचं भांडण होतं त्याच्याशी."

आता यात बालपण कुठे आलं, आवडता कलाकार कुठे आला? ज्याच्याशी पस्तीस वर्षं मनातल्या मनात वाद घातला तो माणूसच उठून गेला. बाबांना श्रद्धांजली वाहायची नव्हती, त्यांना अजून बोलायचं होतं.

कृष्णाकाठची

@टेल्कोचं पोरगं, हे वाचून थांबले बराच वेळ. यावर वेगळा लेख लिहा, अशी विनंती.

मंदार_ठाणे

मूळ धाग्यापेक्षा हा प्रतिसाद भारी. बाबांना नमस्कार सांगा.

निळी शाई

धागा वाचून आधी वाटलं गप्प बसावं, कारण अशा चर्चेत बाबासाहेबांचं नाव आलं की लोक त्यांना नटनट्यांच्या रांगेत बसवतात. ते करू नका, ही पहिली विनंती.

पण ताई, तुम्ही म्हणता भेटायला घर नाही, करायला काम नाही. आमच्याकडे आहे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत गेले. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं, राजगृहावर दर्शनाला ठेवलं, ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार. नागपूरची दीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि मुंबईचा दीक्षा सोहळा त्याच महिन्यात व्हायचा होता. तर लोकांनी काय केलं? तिथेच, चितेच्या साक्षीने, दीक्षा घेतली. बाबासाहेबांचं राहिलेलं काम त्यांच्या अंत्यविधीलाच हातात घेतलं. माझे आजोबा त्या गर्दीत होते. शेवटपर्यंत ते "बाबासाहेब वारले त्या दिवशी" असं म्हणत नसत, "मी दीक्षा घेतली त्या दिवशी" म्हणत.

आजही ६ डिसेंबरला दादरला या. लाखो माणसं रांगेत असतात. बाहेरच्यांना गर्दी आणि ट्रॅफिक दिसतं. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात ते बघा. मराठवाड्यातून, विदर्भातून, ट्रेनमध्ये उभ्याने आलेली बाई पिशवीत भाकरी घेऊन येते आणि पुस्तकं घेऊन जाते. आई दर वर्षी एक तरी पुस्तक घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं, आम्हाला वाचायला लावायची.

सई बंगळुरूकर

निळी शाई यांच्या प्रतिसादाला दंडवत.

मी बंगळुरूला राहते, तिकडचं सांगते. १२ एप्रिल २००६ ला कन्नड नट डॉ. राजकुमार गेले तेव्हा शहर पेटलं होतं. बस, दुकानं, दगडफेक, गोळीबार, माणसं मेली, त्यात एक पोलीसही. लाडका माणूस वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी नैसर्गिक मरणाने गेला आणि शहर जाळलं, हे कोडं आजवर उलगडलं नाही. इथले जुने लोक म्हणतात की दर्शन नीट घेऊ दिलं नाही, सगळी घाई झाली, म्हणून लोक बिथरले. म्हणजे तुमचाच मुद्दा, भेटायला मिळालं नाही.

२९ ऑक्टोबर २०२१ ला त्यांचा मुलगा पुनीत गेला. ४६ वर्षांचा, व्यायामाने कमावलेलं शरीर, हृदयविकाराचा झटका. तेव्हा आम्ही सगळे धसकलो. ऑफिसातून लवकर सोडलं, दारूची दुकानं बंद केली, आणि सगळे २००६ च्या आठवणीने घरात बसलो. पण या वेळी कंठीरवा स्टेडियमवर लोकांना दर्शन मिळालं, रात्रभर रांगा चालल्या. शहर शांत राहिलं.

त्याने नेत्रदान केलं होतं, वडिलांनीही केलं होतं. त्याच्या डोळ्यांचा उपयोग चार जणांना झाला अशी बातमी आली, आणि मग कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला झुंबड उडाली. आमच्या सोसायटीचा वॉचमन, दोन्ही हातांवर अप्पूचं (म्हणजे पुनीतचं) गोंदण, फॉर्म घेऊन दारोदार फिरत होता. माझ्याकडूनही सही घेतलीच. ना म्हणायची सोय नव्हती.

(त्याच काळात छातीची तपासणी करून घ्यायला हृदयरोग रुग्णालयांबाहेर गर्दी झाली होती, त्यात आमच्या घरातलाही एक होता. तेही शोकाचंच रूप म्हणा हवं तर.)

क्रिकेटवेडा_सातारा

सईताईंच्या मुद्द्याला जोडून. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज २७ नोव्हेंबर २०१४ ला गेला. चेंडू मानेवर लागून. तेव्हा जगभर लोकांनी आपापली बॅट दाराबाहेर टेकवून ठेवली होती. आमच्या गल्लीतल्या पोरांनीही ठेवली. त्यातली एक चोरीला गेली, पण ते असो.

वैतागवाडीकर

सगळे अगदी गहिवरून लिहिताहेत म्हणून जरा काडी टाकतो. ज्याला दुःख नाही त्याने काय करायचं? १८ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे आदल्या दिवशी गेलेले, मुंबई बंद. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं की बंद कशासाठी, आणि तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाविरुद्धची लढाई उभी राहिली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं, हे चांगलं झालं. पण मुद्दा तो नाही. ज्यांना दुःख आहे त्यांनी खुशाल करावं. इतरांनी रांगेत उभं राहून तेवढंच तोंड पाडलं पाहिजे ही सक्ती आली की माझ्यातला वैताग जागा होतो. सुतक सोयरिकीत असतं, शहराला नसतं.

दादरची_मुलगी

@वैतागवाडीकर, अटक चूकच होती, शंभर टक्के. पण त्या दिवशी मी शिवाजी पार्कात होते. मला कुणी सक्तीने नेलं नव्हतं. माझे वडील गिरणीतले. बंद गिरणीच्या माणसाला तिथे जाऊन उभं राहावंसं का वाटलं, हे ज्यांना कळत नाही त्यांनी ते भीतीच्या खात्यात टाकू नये. दोन्ही खरं होतं, भीतीही आणि प्रेमही.

संपादक

चर्चा चांगली चालू आहे. पक्षीय राजकारणाकडे वळू देऊ नये. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

मांडवीपार

संपादक रागावतील, तरी एक सांगतो. १७ मार्च २०१९ च्या संध्याकाळी आमचे मुख्यमंत्री पर्रीकर गेले. आजार साऱ्या गोव्याने पाहिला होता, नाकात नळी घालून मांडवीवरच्या नव्या पुलाची पाहणी करताना पाहिले होते. दुसऱ्या दिवशी कला अकादमीत दर्शन, संध्याकाळी मिरामारला अंत्यसंस्कार. आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी! आमचे आजोबा म्हणाले, मडक्याचे पाणी सुकू तरी द्यायचे होते. आम्ही गोंयकार सुशेगाद म्हणून बदनाम, पण त्या रात्री घाई बघायला हवी होती.

ऐकणारी

मी समुपदेशक आहे. ताईंच्या मांडणीशी अर्धीच सहमत.

काम मिळालं की दुःख संपतं असं नाही, ते पुढे ढकललं जातं. मला वाटतं तुमच्या काकू पायरीवर बसून लक्ष्यासाठी रडल्या त्यात थोडे दीरही होते. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये हे नेहमी दिसतं. घरच्यासाठी रडायचं तर लोक बघतात, मोठ्या सुनेने असं करावं का, थोरल्या मुलाने खंबीर राहावं वगैरे. नटासाठी रडलेलं कुणी मनावर घेत नाही. हसतात फार तर. म्हणून तिथे बांध फुटतो.

एकतर्फी ओळखीचंही नवल नको. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय की टीव्हीवरून रोज आपल्याकडे बघून बोलणारा माणूस प्रेक्षकाला ओळखीचा वाटू लागतो. तेव्हा टीव्ही दिवाणखान्यात होता. आता तो माणूस उशाशी असतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. प्रसिद्ध व्यक्तीने जीव दिला की बातमी कशी सांगितली जाते यावर इतरांचे जीव अवलंबून असतात. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली त्यानंतर अमेरिकेत आत्महत्या वाढल्या होत्या, हे नोंदलेलं आहे. सुशांतच्या वेळी आपल्या वाहिन्यांनी पद्धत, खोली, फोटो, काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. मग खुनाच्या कथा रचल्या. त्याच्या मैत्रिणीला जवळजवळ महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहावं लागलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तो किती वाहिन्यांनी त्याच आवाजात सांगितला? सुशांत गेला त्या पावसाळ्यात माझ्याकडे फोन येत होते ते कॉलेजच्या मुलांचे. "त्याच्याकडे सगळं होतं, तरी…" या वाक्यावर येऊन थांबायचे. कुणाला असं थांबायला झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.

एडिसनकर

लताबाई गेल्या तेव्हा तिकडे ६ फेब्रुवारीची रविवार सकाळ, आमच्याकडे अमेरिकेत शनिवारची रात्र. आदल्याच दिवशी वसंत पंचमी होती. रात्री कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, उद्या आमच्याकडे या. बर्फ पडलेला, तरी पंधरा-वीस जण जमले. बेसमेंटमध्ये सतरंज्या टाकल्या आणि गाणी लावायची ठरलं. पहिलं गाणं कोणतं यावर अर्धा तास वाद! एक जण अभंगांवर अडून, एक जण मदनमोहनवर. शेवटी यजमानीणबाई वैतागून पोहे घेऊन आल्या. मी सांगतो, सुंदर दिवस गेला. भारतात तेव्हा शाहरुखने दुआ करून फुंकर घातली की थुंकला यावर भांडण चाललं होतं. आमचं भांडण बरं होतं.

हळदीकुंकू

३१ ऑगस्ट २०२५ ला प्रिया मराठे गेली, अवघी ३८ वर्षांची. त्या दिवशी गौरी यायच्या होत्या. सासूबाई मुखवटे पुसत होत्या, मी पावलं काढत होते, आणि नणंदेने बातमी वाचली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या मालिकेतली ती?" मग पुन्हा मुखवटा पुसायला लागल्या. रात्री सगळं आवरल्यावर म्हणाल्या, तिच्या आईचं काय झालं असेल गं. दुसऱ्या दिवशी गौरीपुढे ओटी भरताना तिचं नाव घेतलं त्यांनी. कुणी सांगितलं नव्हतं.

कृष्णाकाठची

@ऐकणारी, दीरांचा मुद्दा पटला. काकू आता नाहीत, नाहीतर विचारलं असतं. पण "पुढे ढकललं जातं" याला माझा आक्षेप आहे. निळी शाई यांचे आजोबा, सईचा वॉचमन, हळदीकुंकूच्या सासूबाई, यांनी काही ढकललं नाही, हातावेगळं केलं. आणि सुशांतच्या वेळी ज्यांनी तपास केला त्यांनीही हाताला कामच शोधलं होतं, हेही कबूल. काम कुठलं मिळतं यावर सगळं आहे.

@वैतागवाडीकर, सक्तीबद्दल सहमत. "मी आणि ते" लेखांबद्दल नाही. माणूस गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण स्वतःचीच गोष्ट सांगतो की. "मला शेवटचे दिसले ते एसटी स्टँडवर" म्हणणाऱ्याला आपण घरातून हाकलत नाही.

वैतागवाडीकर

एसटी स्टँडवाला दोन मिनिटांत उठतो हो. लेखवाला हजार शब्द बसतो.

बाकी ते नेत्रदानाचं कुणी नीट सांगेल का? मला जाड चष्मा आहे, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि शुगरही आहे. आमचे डोळे कुणी घेईल का?

सई बंगळुरूकर

घेतात. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह, काहीही आड येत नाही. काही संसर्गजन्य आजार असतील तर नाही, ते नेत्रपेढीवाले तपासतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हायला हवं, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. ते येईपर्यंत पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद ठेवायचा.

फॉर्म भरणं हा फक्त मनोदय, नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो. म्हणून घरात सांगून ठेवा आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. वॉचमनने आमच्याकडे तेच केलं होतं, फॉर्मबरोबर नंबरचा स्टिकरही.